नागलीच्या भाकरीचा अपराध काय?

दिवाळीच्या अंकात चकली-करंजीवर लिहावे, भाकरीवर लिहून सणासुदीला कोणाच्या तोंडची चव घालवू नये, हा शिष्टाचार मला ठाऊक आहे. परंतु गेले वर्षभर आमच्या घरात पावाच्या एका तुकड्यावरून जे रामायण घडले ते सांगितल्यावाचून यंदाचा फराळ मला गोड लागायचा नाही. तेव्हा वाचकहो, चकली हातात असू द्या. कान मात्र घटकाभर इकडे द्या.

झाले असे, की माझ्या सात वर्षांच्या नातीचे पोट सदा बिघडलेले. खाल्लेले अंगी लागेना, उंची खुंटली, गाल उतरले. आम्ही जंत म्हटले, दृष्ट म्हटले, 'खायचा कंटाळा करते' म्हणून तिच्यावर ओरडलोही. शेवटी रक्त तपासले, दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढून पाहिला आणि डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले : सीलिॲक. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे एक चिकट प्रथिन असते. या आजाराच्या माणसाने ते खाल्ले, की त्याचे शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटते. औषध काय, म्हणून विचारले. डॉक्टर म्हणाले, "औषध एकच. गहू बंद. जन्मभर."

घरातून गहू गेला. पोळी गेली, शंकरपाळे गेले, बिस्किटे गेली. आणि सूनबाईंनी कंबर कसली. मुलीला पाव आवडतो ना, मग बिनग्लुटेनचा पाव मी घरीच भाजीन! तांदळाचे पीठ आले, साबुदाण्याचे पीठ आले, बटाट्याचा स्टार्च आला, इसबगोल आला, यीस्ट आले. परदेशी पिठाची एक पुडीही आली. त्या पुडीच्या पैशांत पाच किलो नागली सहज आली असती. पण ते माझ्या मनातच राहिले. पहिला पाव ओव्हनमधून निघाला तो वीट होऊन. दुसरा बाहेरून खरपूस आणि आतून खळ. तिसरा बरा फुगला आणि सुरी लावताच भुगा झाला. पोर बिचारी प्रत्येक वेळी "छान झालाय हं, आई" म्हणे आणि पाणी पिई.

एके दिवशी मला राहवले नाही. म्हटले, "सूनबाई, एवढा खटाटोप कशासाठी? नागलीची भाकरी आहे की. तिच्यात ग्लुटेनचा कणसुद्धा नसतो."

सूनबाई म्हणाली, "आप्पा, घरी खाईल हो ती. पण शाळेच्या डब्यात काळी भाकरी नेली तर मुले हसतील तिला."

हे वाक्य माझ्या काळजात रुतले. कारण नागलीच्या भाकरीला हसायला शिकवणाऱ्यांपैकी मीच एक आहे.

१९७८ साली मी मोखाडा तालुक्यातल्या एका शाळेवर मास्तर म्हणून रुजू झालो. तेव्हा जव्हार-मोखाडा ठाणे जिल्ह्यात होते. पालघर जिल्हा झाला तो २०१४ साली. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी यांची ती वस्ती. पावसाळ्यात ढग अंगणात उतरतात असा तो डोंगराळ मुलूख. वय माझे बावीस, डोक्यात समाजसुधारणा. मधल्या सुट्टीत मुले फडकी सोडत. कोणाच्या फडक्यात नागलीच्या भाकरीचा तुकडा आणि मिरचीचा ठेचा, कोणाच्या फडक्यात काहीच नाही. एकदा तिसरीतल्या एका मुलाच्या हातातली ती तांबूस-काळी भाकर मी वर्गाला दाखवली आणि म्हणालो, "असले खाऊन डोके चालेल कसे? गव्हाची पोळी खावी, भाजी खावी, म्हणजे बुद्धी वाढते." मुले हसली. तोही हसला. दुसऱ्या दिवसापासून तो फडके आणीनासा झाला.

आठ दिवसांनी त्याची आई शाळेत आली. दाराशीच उभी राहून म्हणाली, "गुरुजी, पोर भाकर नको म्हणतं. आमच्यात तर हीच पिकते. मग त्याला देऊ काय?"

मला उत्तर सुचले नाही. तो मुलगा आठ दिवस माझ्या शहाणपणापायी दुपारचा उपाशी राहिला होता. आज सत्तरीच्या घरात आहे. उत्तर अजून दिलेले नाही. हा लेख म्हणजे ते उशिराचे उत्तर समजा.

आधी नागलीची ओळख नीट करून देतो. देशावरची मंडळी तिला नाचणी म्हणतात. जव्हार-मोखाड्यात भाताची खाचरे थोडी आणि डोंगरउताराची वरकस जमीन फार. त्या उतारावर नागली आणि वरी होते. उन्हाळ्यात राब भाजायचा, पावसाच्या तोंडाला त्यात बी टाकायचे, रोपे वर आली की कोसळत्या पावसात उतारावर वाकून एकेक रोप लावायचे, मग तण काढायचे, पाखरे राखायची, दिवाळीच्या सुमारास कणसे कापायची, वाळवायची, झोडायची. मोहरीएवढा दाणा, पण कीड त्याच्या वाटेला सहसा जात नाही. कणगीत ठेवलेली नागली वर्षानुवर्षे टिकते. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३४० ते ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच गाईच्या दुधात ते १२०च्या आसपास आणि तांदळात दहाच्या घरात. मी ज्या भाकरीला हसलो ती ही!

आता पाव आणि भाकरी यांतला फरक पाहा, म्हणजे आमच्या घरच्या विटेचे रहस्य उलगडेल. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले, की त्यातल्या ग्लुटेनचे रबरासारखे जाळे बनते. यीस्टमुळे सुटलेला वायू त्या जाळ्यात अडकतो आणि पाव फुगतो. नागलीत हे जाळेच नाही. तिच्याकडून पाव मागणे म्हणजे बैलाकडून दूध मागणे. मग इसबगोल घाला, डिंक घाला, स्टार्च घाला, म्हणजे उसने जाळे विणा. ते कोणाला साधतही असेल. नाही म्हणत नाही. पण मोखाड्यातल्या बाईने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे, तोही उकळत्या पाण्याने!

मी तेव्हा एकटा राहत होतो आणि शेजारच्या म्हाताऱ्या बाईने मला भाकरी शिकवली. कृती लिहून घ्या. जितके पीठ तितकेच पाणी. पाण्यात मीठ घालून ते खळखळ उकळू द्यावे. पीठ त्यात एकदम सोडावे, उलथन्याच्या दांड्याने ढवळावे, भांडे उतरवून झाकण घालावे आणि पाचदहा मिनिटे वाफ जिरू द्यावी. मग उकड परातीत काढून, हाताला पाणी लावत, चटके सोसत, गरम आहे तोवरच मळावी. येथे कंटाळा करील त्याची भाकरी चिरलीच म्हणून समजा. उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुलून चिकट होतो आणि ग्लुटेन जे काम गव्हात करते त्यातले थापण्यापुरते काम तो नागलीत करतो. गोळा घेऊन कोरड्या पिठावर थापावा, तापल्या तव्यावर टाकावा, वरून पाण्याचा हात फिरवावा. पाणी सुकले की उलटावी, खालची बाजू भाजली की विस्तवावर धरावी. टम्म फुगते! यीस्ट नको, ओव्हन नको, परदेशी पुडी नको. घरी भाजलेली बिनग्लुटेनची भाकर ती हीच. आम्ही तिला ब्रेड म्हणत नाही, हाच काय तो तिचा अपराध.

मी पावाचा वैरी आहे असे कोणी समजू नये. पाव आमच्या पालघर जिल्ह्यातलाच जुना पाहुणा आहे. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई पोर्तुगीजांकडे होती आणि 'पाव' हा शब्दही त्यांचाच. नागली तरी कुठे मूळची आपली? हजारो वर्षांपूर्वी ती आफ्रिकेच्या डोंगरांतून आली. पाहुण्या-पाहुण्यांत भांडण लावण्याचा माझा हेतू नाही. माझे भांडण आहे ते एकाला पाटावर बसवून दुसऱ्याला ओटीवरून परत धाडणाऱ्या आपल्या मनाशी.

१९५६ साली अमेरिकेशी पी. एल. ४८० चा करार झाला आणि तिकडचा गहू जहाजांनी येऊ लागला. पुढे साठीच्या दशकात आपल्याकडेच गव्हाची क्रांती झाली. भुकेच्या काळात त्या गव्हाने माणसे जगवली. त्याचे ऋण मी मानतो. पण गव्हाबरोबर गव्हाची प्रतिष्ठाही आली. पाहुणे आले की पोळी, घरच्यांना भाकरी. साहेब पोळी खातो, गडी भाकरी खातो. ज्वारी, बाजरी, नागली, वरी, तांदूळ या आपल्या पाचही धान्यांत ग्लुटेन नाही; तरीही आमच्या नातीच्या पानात काय वाढावे या काळजीने आम्ही परदेशी पुडी फोडतो! विहिरीच्या काठावर बसून तहानेने व्याकूळ व्हावे, त्यातला हा प्रकार.

आणि आता वारे उलटे फिरले आहे. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे साल भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. आपल्या सरकारने या धान्यांना 'श्री अन्न' अशी पदवी दिली. दुकानांतून नाचणीची बिस्किटे, नाचणीचे पाव, नाचणीचे केक झळकू लागले. मला आनंद व्हायला हवा होता. परंतु मी चष्मा लावून त्या पुड्यांच्या पाठीवरची बारीक अक्षरे वाचतो. पुष्कळ ठिकाणी पहिले नाव गव्हाचे किंवा मैद्याचे, नाचणी मागून चार पावले. रंग काळा, नाव नाचणीचे, पोटात मैदा! निरोगी माणसाची ही फार तर फसवणूक. आमच्या नातीसारख्या मुलाच्या पोटात मात्र ते विषच. किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन असेल तर 'ग्लुटेनमुक्त' म्हणता येत नाही, असा आपल्याकडेही नियम आहे. २० मिलिग्रॅम म्हणजे चिमूटभरही नव्हे! म्हणून नुसती नागली आणून भागत नाही. गव्हामागून गिरणीत दळली तर तिच्यात गव्हाची भुकटी येते. बाजारच्या हिंगातही पुष्कळदा गव्हाचे पीठ असते. पोळीचा पोळपाट, पिठाची चाळणी, सगळेच वेगळे ठेवावे लागते. आम्ही शेवटी माळ्यावरचे आईचे जाते खाली काढले, घासून धुतले, आणि नातीची नागली त्यावर दळतो. मोखाड्यात पहाटे ज्या घरघरीने मला जाग येई, ती आता आमच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर ऐकू येते. शेजारी विचारतात, "काय हो, कसला आवाज?"

आणखी एक मंडळी आहेत. त्यांना आजार नाही, तपासणी नाही; कोणीतरी सांगितले म्हणून त्यांनी गहू टाकला आणि आता ते चारचौघांत आपल्या पोटाच्या कथा सांगतात. त्यांना हात जोडून विनंती, की खरोखरी शंका असेल तर आधी डॉक्टरांकडे जा आणि मग गहू सोडा. आधीच गहू सोडला तर रक्ताच्या आणि आतड्याच्या तपासणीत आजार दिसेनासा होतो आणि असलेले दुखणे झाकून जाते. नुसती हौस असेल तर भाकरी आनंदाने खा. पण आजारी मुलाचे पथ्य ही मिरवायची गोष्ट करू नका.

या आजाराचे कारण कसे हाती लागले तेही ऐकण्यासारखे आहे. डिके नावाचे एक डच बालवैद्य होते. त्यांचा गव्हावर संशय युद्धाआधीपासूनच होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला. आणि सगळा देश खंगत असताना या आजाराची मुले मात्र सुधारू लागली. पाव परत आला आणि त्यांचे दुखणेही परतले. १९५० साली डिके यांनी त्यावर प्रबंध लिहिला. दुष्काळातून माणसाने एक शहाणपण मिळवले ते असे.

जव्हारच्या दुष्काळातून आपण काय मिळवले? १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात शंभराहून अधिक बालके कुपोषणाने आणि त्यापाठी आलेल्या आजारांनी दगावली. सगळ्या महाराष्ट्राची मान खाली गेली. २०१६ साली मोखाड्यातून पुन्हा तशाच बातम्या आल्या. आता कोणी चतुर माणूस विचारील, "तुमची नागली इतकी गुणाची, तर ती खाणाऱ्यांचीच मुले का मेली?" हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे आणि विचारताना जिंकल्याचा आनंद त्यांच्या डोळ्यांत मी पाहिला आहे.

त्याचे उत्तर असे, की मुले नागली खाऊन मेली नाहीत. नागली संपली म्हणून मेली. उतारावरच्या तुकड्यातले पीक वर्षाला पुरत नाही. म्हणून दिवाळी झाली, की निम्मे गाव लेकराबाळांसह वसई, भिवंडी, ठाण्याकडे वीटभट्ट्यांवर जाते. पावसाच्या तोंडाला परत येते. पुढचे आषाढ-श्रावण म्हणजे शेतात सर्वांत अधिक राबण्याचे आणि कणगीत सर्वांत कमी असण्याचे महिने. बाई पावसात वाकून लावणी करते आणि तिचे तान्हे बांधावर पेजेच्या पाण्यावर असते. यात नागलीचा दोष कोणता? रस्ता, दवाखाना, मजुरी, जमीन यांचा दोष भाकरीच्या माथी मारणे सोपे आहे. भाकरी बोलत नाही. आणि हा मुलूख दूर कोठे नाही. मध्य वैतरणेचे धरण मोखाड्यातल्या कोचाळे गावाजवळ आहे. त्याचे पाणी मुंबईच्या नळांना येते आणि उन्हाळ्यात मोखाड्याचे पाडे टँकरची वाट पाहतात.

पाणी घेतले. आता भाकरीची पाळी, अशी मला भीती वाटते. शहरात नागलीला मागणी आली, भाव चढले, उत्तम झाले! पण चढलेल्या भावातला वाटा उतारावर पोहोचतो का? २०२५-२६साठी केंद्राने नागलीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये जाहीर केला आहे, भाताला २,३६९. कागदावर नागली भाताच्या दुप्पट झाली. परंतु ज्याच्याकडे विकायला दोनच पोती आहेत आणि ज्याला उद्याच मीठ-मिरची हवी आहे, तो हमीभावाची वाट पाहत बसत नाही. दाराशी येईल त्या व्यापाऱ्याला घालतो. घरची नागली अशी जाते, तिच्या जागी रेशनचा तांदूळ येतो, आणि लेकरांच्या तोंडची ३४० मिलिग्रॅमची भाकर दहा मिलिग्रॅमच्या भातावर येते. तीच नागली शहरात चकचकीत पुडीत बसून 'ग्लुटेनमुक्त' म्हणून मिरवते. ज्याला मी मास्तर म्हणून लाजवले, त्याचेच अन्न मी आजोबा म्हणून विकत घेतो, आणि त्याच्या ताटातून ते निघून जाते. याला 'श्री' म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा!

कोणी म्हणेल, मग शहरातल्यांनी नागली खाऊच नये काय? खावी, जरूर खावी. आमच्या नातीचे तर तिच्यावाचून चालणारच नाही. पण तीन गोष्टी आधी व्हाव्यात. जव्हार-मोखाड्यातली नागली सरकारने हंगामात, गावातच, रोख हमीभावाने घ्यावी. घेतलेली नागली प्रथम तिथल्याच रेशन दुकानांत, अंगणवाड्यांत आणि शाळांत द्यावी. गरोदर बायांना एक वेळचे ताजे जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आहे, त्या ताटात नागलीची भाकर असावी, तान्ह्याला नागलीचे सत्त्व मिळावे. उरेल ती शहराकडे यावी, आणि पुडीवर नागलीचे नाव लिहिणाऱ्याने आत नागलीच भरावी. यात अशक्य काय आहे? यासाठी ओव्हन लागत नाही की परदेशी पुडी लागत नाही.

आणि तुमच्या-माझ्यासाठी चौथी गोष्ट. दिवाळीच्या पहिल्या दिवशी आपण वसुबारस करतो. त्याच दिवशी जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर वाघबारस असते. वाघाला देव मानून त्याला नैवेद्य देतात. काकडीचा कीस आणि तांदळाचे पीठ कालवून पानात गुंडाळून उकडतात. तोही पदार्थ बिनग्लुटेनचाच. पण त्या माउल्यांना तो शब्द ठाऊक नाही आणि त्यावाचून त्यांचे अडलेलेही नाही. या दिवाळीत चकली-चिवड्याच्या ताटाशेजारी एक नागलीची भाकरी ठेवा. पाहुण्यांसमोर ठेवा, लपवू नका. वर लोण्याचा गोळा घाला आणि मुलांना सांगा, की ही कोणी पिकवली.

सूनबाईंनी उकड काढायला आता चांगले शिकून घेतले आहे. पावाचा नाद मात्र तिने सोडलेला नाही. परवाचा तिचा पाव बरा झाला होता हे मी कबूल करतो. पण शाळेच्या डब्यात गेल्या आठवड्यापासून भाकरी जाते. पहिल्या दिवशी मी फाटकाशी उभा राहून नातीची वाट पाहत होतो; सारा दिवस जीव टांगणीला लागला होता. ती आली. "हसली का गं मुले?" मी विचारले.

"दोघे हसले," ती म्हणाली. "मग मी त्यांना तुकडा दिला. एकाने अजून मागितला."

डबा उघडून पाहिला. रिकामा होता.